पिवळ्या पोटाचा मासा

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला आणि अप्पांनी माशांचा डबा मागितला. अप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. एरवी ते गावी असतात, कराडच्या खाली कृष्णाकाठी, पण उजव्या डोळ्यासाठी साताऱ्याला आमच्या फ्लॅटवर आले होते. डावा डोळा दिवाळीनंतर करायचा होता. डबा माझ्याच कपाटात होता. फोटो काढायचे म्हणून मी तो गावाहून मागून आणला होता आणि पाच महिने परत केला नव्हता.

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, कापसातून एक मासा उचलून खिडकीकडे धरला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे नऊ बघून झाल्यावर आठ परत कापसात गेले आणि एक त्यांच्या हातात राहिला.

"हे मासे माझे नाहीत, बाळ," ते म्हणाले. "हा एवढा एक माझा आहे. बाकीचे कुणीतरी बदलले आहेत."

बाबा हसले. "अप्पा, डोळा नवा झालाय तुमचा. रंग वेगळे दिसणारच. डॉक्टर बोलले नव्हते का?"

"डोळा साफ झाला म्हंजी नीट दिसतंय," अप्पा त्यांना म्हणाले. "नीट बगूनच सांगतोय न्हवं? माजा ह्यो हिरवा हुता. ह्यो निळा हाय. का माजं डोस्कं फिरलंय?"

कुणी बदलले ते त्यांनी सांगितलं नाही. पण पाच महिने डबा कुणाकडे होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझे कान तापले. मी सहसा बोलत नाही, आणि गप्प बसणाऱ्या माणसावर संशय लवकर बसतो हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

हे मासे म्हणजे खरे मासे नव्हेत. बोटाएवढे, काही वीतभर, लाकडाचे, रंगवलेले, काचेच्या डोळ्यांचे. तोंडाखाली पत्र्याची एक जीभ, पोटाला तीन तोंडांचे गळ. पाण्यातून ओढले की ती जीभ पाणी कापते आणि लाकूड जिवंत असल्यासारखं वळवळतं. अप्पा फौजेत ड्रायव्हर होते. उत्तरेकडच्या डोंगरांत कुठेतरी त्यांच्या साहेबांना मासेमारीचा नाद होता. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी हा पत्र्याचा डबा अप्पांना दिला. मासे परदेशी, बाबांच्या जन्माआधीचे. पेन्शनीत आल्यावर अप्पा ते कृष्णेत टाकू लागले, कधी कोयनेच्या फुगवट्यावर नेऊ लागले. गावातले लोक गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे धरायचे. त्यांना लाकडाचा मासा बघून हसू यायचं. अप्पांनी या नऊ जणांना नाव ठेवलं होतं, 'लबाड'.

त्या संध्याकाळी अप्पांनी सांगलीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होते.

"आगं टवळे," ते फोनवर म्हणत होते, "माजं मासं बदललं कुनीतरी. एकच ऱ्हायलाय. त्यो पिवळ्या पोटाचा गं, तुजा. व्हय. आता म्या ठरिवलंय. ज्याला माजं मासं वळखू येत्याल, त्येनं डबा न्यावा. बास."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि अप्पा खोकला येईपर्यंत हसले.

ती माझी चुलत बहीण. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. काकांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, आणि बी.कॉम. झाल्यापासून ती तिथे बसते.

तिच्याबद्दलचा माझा मत्सर नेमका कुठे सुरू झाला ते मला सांगता येतं. मी पाचवीत असेन. मे महिन्यात आम्ही दोघी गावी होतो. अप्पांनी नदीच्या घाटावर एक मासा आम्हा दोघींपुढे धरला आणि विचारलं, "ह्येचा रंग कंचा?" माझ्याकडे चोवीस खडूंची पेटी होती, प्रत्येक खडूवर कागद, कागदावर रंगाचं नाव छापलेलं. मी लगेच म्हणाले, "टर्कॉइज." अप्पांनी माझ्याकडे बघितलं, फार आदराने बघितलं, पाहुण्यांकडे बघतात तसं. मग तिला म्हणाले, "काय म्हनली गं ही?"

"आवं अप्पा, मोरपंखी," ती म्हणाली. "आयच्या इरकलीवानी."

"हां," अप्पा म्हणाले. "आता कळलं."

तेव्हापासून मी ऐकत आले आहे. अप्पा तिच्याशी बोलताना 'हाय' म्हणतात, माझ्याशी बोलताना 'आहे'. तिला टवळे म्हणतात, मला बाळ. माझ्यासमोर ते शब्द जपून ठेवतात, जसं काही मी इन्स्पेक्शनला आलेय. तिला त्यांनी घाटावर दोनदा फटके दिले आहेत, एकदा गळ बोटात घुसवून घेतला म्हणून. मला कधीच नाही. लोकांना वाटेल की यात हेवा करण्यासारखं काय आहे. मला त्या फटक्यांचाही हेवा वाटत होता.

मी लाकडी माशांच्या मागे लागले ते याच्यापोटी. तिला रंग दिसतो, तर मी रंग वाचून काढीन. जगभरात अशा माशांचे हौशी संग्राहक आहेत. इंटरनेटवर त्यांची चर्चेची पानं आहेत, कारखान्यांच्या जुन्या छापील याद्यांचे फोटो आहेत, भांडणं आहेत. मी तिथे वाचत बसायचे. एकाच घडणीचा मासा वर्षानुवर्षं निघायचा, पण रंग बदलत जायचे. एका वर्षी लाल डोकं गळ्यापर्यंत, पुढच्या वर्षी डोळ्यापर्यंतच. खवले उमटवायला अंगावर जाळीचं कापड ताणून वरून रंगाचा फवारा मारायचे, आणि जाळी बदलली की खवल्यांचं माप बदलायचं. सावलीतल्या दिवसाच्या उजेडातच रंग बघायचा, बल्बखाली नाही. आणि मुख्य म्हणजे वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. पत्र्याची जीभ ज्या स्क्रूने बसवलेली असते तो सोडवायचा आणि जिभेखालचा रंग बघायचा. तिथे ऊन पोहोचलेलं नसतं. मासा खरा कसा होता ते तिथे कळतं. शिवाय जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी मिळते. ती अंधारात मारली की मूळ रंग निमूट राहतो आणि नंतर कुणी लावलेला रंग बऱ्याचदा चमकून उठतो.

अप्पांनी 'बदलले' म्हटल्यावर मी प्रत्येक मासा नव्याने तपासला. एकेका माशासाठी एक पान केलं. आठांचे स्क्रू सोडवले, आठांच्या जिभेखालचे फोटो घेतले. निळा, हिरव्या खवल्यांचा, बेडकाच्या ठिपक्यांचा, लाल डोक्याचा पांढरा. प्रत्येकाची वर्षं जुन्या याद्यांशी साधारण जुळली. प्रत्येकाच्या अंगावर खऱ्या माशांच्या दातांचे ओरखडे होते, आणि ते माझ्या पाच महिन्यांपूर्वीच्या फोटोंतल्या ओरखड्यांशी जुळत होते. हे मी अप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "फोटो तू काढलास ना बाळ? मग तो बदललेल्याचाच असेल."

राहिला नववा. पाठ हिरवट करडी, पोट पिवळं, आणि पिवळं म्हणजे लिंबासारखं नव्हे. खोल, जरा नारिंगीकडे झुकणारं, मधे दाट आणि कडांना विरळ होत गेलेलं. कुठल्याच यादीत हा रंग नव्हता. हाच एक मासा अप्पांना आपला वाटत होता. मला वाटलं, हा दुर्मीळ निघाला तर अप्पांना कळेल की मी ओळखते. आणि डबा माझा होईल. खरं तर डबा माझा होईल हे आधी वाटलं.

मी त्याचे फोटो चर्चेच्या पानावर टाकले. लिहिलं की पिवळ्या पोटाचा हा प्रकार आजवर कुणी नोंदवलेला दिसत नाही. दोन दिवसांनी समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने उत्तर दिलं. त्याला सगळे मानतात. त्याने लिहिलं, कारखान्यातला रंग असेल तर मी असा पहिल्यांदाच बघतोय. जांभळ्या उजेडातला फोटो आणि जिभेखालचा फोटो पाठवशील का?

बॅटरीखाली मी तो मासा आधीच धरला होता. बाथरूममधे, दिवा बंद करून. पोट असं चमकलं होतं की मी दचकून बॅटरी विझवली. तो फोटो मी घेतला नाही. आणि जिभेबद्दल लिहिलं की स्क्रू गंजलाय, निघत नाही. स्क्रू तितका गंजला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर लावून एक पाव फेरा दिला होता आणि मग उलटा फिरवून परत घट्ट केला होता.

याच दरम्यान बाबांबरोबर एकदा सांगलीला जाणं झालं. काकांच्या दुकानात गोणपाटावर हळकुंडांचे ढीग होते आणि ती मधे मांडी घालून बसली होती. तिची नखं पिवळी होती. एक शेतकरी नमुना घेऊन आला होता. वरून हळकुंडं छान, गोरीगोमटी, पॉलिश केलेली. तिने एक उचललं, दोन अंगठ्यांनी कट्कन मोडलं, आतला गाभा उजेडात धरला आणि पिशवी परत केली.

"दादा, वरनं नवरी, आतनं म्हातारी हाय ही. दुसरी आना."

शेतकरी हसला. "न्हाई बाई, हिच्यापुढं चालत न्हाई आपलं," म्हणत दुसरी पिशवी आणायला गेला.

"तुला कसं कळतं?" मी विचारलं.

"फोडल्याबिगर कळत न्हाई ताई. आन फोडल्यावर कुनाला बी कळतंय. त्यात काय?"

'त्यात काय' हे ती मनापासून म्हणाली. मला तेच सहन होत नाही.

खंडेनवमीला सगळे गावी जमले. मी कित्येक वर्षांत या दिवशी गावी गेले नव्हते. आमच्या शाळेची सहामाही परीक्षा दरवेळी दसऱ्याच्या आसपास यायची, त्यामुळे आईबाबा आणि मी साताऱ्यालाच असायचो. गाडीला हार, संगणकाला कुंकवाचं बोट, झालं. त्या वर्षी मात्र मी मुद्दाम गेले, कारण अप्पा परत गावी आले होते आणि माझी नऊ पानं तयार होती.

घराच्या पुढच्या सोप्यात पाटांवर घरातली हत्यारं मांडली होती. कोयते, खोरं, औषध फवारायचा पंप, काकूचं शिलाई मशीन, काकांचा तराजू. झेंडूची रास. अप्पांनी माशांचा डबाही उघडून पाटावर ठेवला होता.

"आली का आमची विंग्रजी ताई!" हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन ती म्हणाली. "लॅपटॉप आनलाय व्हय? बसव पाटावर. त्येला बी हळद लावते. हँग व्हायचा न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. मग मी अप्पांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अप्पा, मी एक शोधून काढलंय. तुमच्या पिवळ्या माशाबद्दल." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला, म्हणून मी परत म्हणाले. मी पान वाचून दाखवलं. की हा रंग कुठल्याही यादीत नाही, की परदेशातल्या जाणकारांनाही तो नवा आहे, की अप्पांना हाच एक ओळखू आला याचं कारण हाच सगळ्यात वेगळा आहे.

ती ताट धरून ऐकत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलत होता.

"आगं ताई," शेवटी ती म्हणाली, "ती हळद हाय."

"कशावरून?" मी म्हणाले. फार जोरात म्हणाले.

"कशावरनं म्हंजी? मीच लावलीया की."

मग तिने सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून खंडेनवमीला माशांना हळदकुंकू लावायचं काम तिचं. बाकी आठांना एकेक बोट. "ह्येला मातर अख्खी हळद. समद्या पोटाला. ह्यो माजा नवरदेव हुता. लगीन लावायचे मी ह्येचं, त्या लाल डोक्याच्या बाईसंगट. दर साली त्येच लगीन."

"आन म्या अक्षता टाकायचो," अप्पा म्हणाले. "मंगलाष्टकं बी म्हनायला लावायची टवळी."

"पुसायचीस न्हाईस व्हय नंतर?" काका म्हणाले.

"नवरदेवाची हळद कुनी पुसतंय का? तसाच डब्यात."

मी त्या वेळी काय करत असेन? साताऱ्यात पलंगावर बसून इतिहासाची उत्तरं पाठ करत असेन. मी म्हणाले, "हळद इतकी वर्षं टिकत नाही. उडून जाते."

"उनात ठिवली तर उडती. डब्यात कुठनं ऊन?" तिने ताट खाली ठेवलं. "अप्पा, चुन्याची डबी द्या हिकडं."

अप्पांनी खिशातून तंबाखूबरोबरची चुन्याची डबी काढली. तिने करंगळीच्या टोकावर किंचित चुना घेतला, पाण्यात बुडवला आणि माशाच्या शेपटीकडे, पिवळं जिथे विरळ होत होतं तिथे टेकवला. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं. शब्द निघायच्या आत तो ठिपका लाल झाला.

"झालं कुंकू," ती म्हणाली.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे सांगलीत पोरासोरांना माहीत असतं. मलाही माहीत असायला हवं होतं. जुना जाणकार असता तर माशाला असा हात लावल्याबद्दल ओरडला असता. मला तोही राग आला नाही. मी त्या ठिपक्याकडे बघत होते. मला वाटत होतं, मी जगभर जो रंग शोधत फिरले तो हिने खेळता खेळता बोटाने केलेला आहे. मी हिचीच पोरवयातली बोटं मोजत होते.

अप्पा खूश झाले होते. "म्हनून तर म्हनलं, ह्यो माजा," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा परत तसाच झाला. "पर मग ही बाकीची आठ कुनाची? त्येचं काय?"

तिने खांदे उडवले. सगळे माझ्या हातातल्या कागदांकडे बघू लागले.

मला तेव्हा उठून जावंसं वाटत होतं. पण मी निळा मासा घेतला, त्याचा स्क्रू सोडवला आणि जीभ बाजूला केली. "अप्पा, इथे बघा. आतला रंग. हा आतूनही निळाच आहे. म्हणजे तो पहिल्यापासून निळा होता."

"तेच सांगतोय मी, बाळ. माझा हिरवा होता."

"तो हिरवा दिसत होता. वार्निश जुनं झालं की पिवळं पडतं. आणि पिवळ्यातून निळं बघितलं की ते हिरवं..."

मी थांबले. हे वाक्य मी माशांच्या बाबतीत शंभरदा वाचलं होतं. माशावर वार्निश थोडंच होतं. अप्पांच्या डोळ्यावर जास्त होतं, आणि अजून एका डोळ्यावर ते तसंच होतं.

मी त्यांचा काळा चष्मा काढला. तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे धरला, नव्या डोळ्यापुढे, न टेकवता. त्यांच्या भुवईचे केस माझ्या हाताला लागले. त्यांच्या चेहऱ्याला मी याआधी कधी हात लावला होता ते मला आठवलं नाही.

"आता?"

त्यांनी मासा डोळ्याजवळ ओढला. "हिरवा," ते म्हणाले. "ह्यो माजा."

मी हात डाव्या डोळ्यापुढे नेला.

"निळा." त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा तळवा लावला. हिरवा. निळा. हिरवा. "आयला," ते म्हणाले. "आयला, माजंच हाय की ह्ये."

मग आठही माशांची परेड झाली. प्रत्येक मासा आधी डाव्या डोळ्याने, मग उजव्या. सोप्यातले सगळे गोळा होऊन बघत होते. शेवटी पिवळा घेतला. डाव्या डोळ्याने पिवळा. उजव्याने पिवळा.

"ह्यो एकटाच दोनी डोळ्यांला सारका," अप्पा म्हणाले.

"म्हंजी अप्पा," ती म्हणाली, "मासं न्हाईत लबाड. तुमचा डोळा लबाड."

सगळा सोपा हसला. अप्पांनी मांडीवर थाप मारली. चांगलं वाक्य होतं. ते मला सुचायला हवं होतं, कारण हात माझा होता. पण ते तिला सुचलं, आणि गावात पुढे दिवाळीपर्यंत सगळे तेच सांगत होते. हात कुणी धरला होता ते कुणी सांगितलं नाही.

पूजा झाली, आरती झाली. अप्पांनी आम्हा दोघींना पाटाजवळ बोलावलं.

"वळखू येत्याल त्येला डबा, असं म्हनलो हुतो," ते म्हणाले. त्यांनी पिवळा मासा उचलून तिच्या हातात दिला. "ह्येचं हिला म्हाईत." मग डबा माझ्याकडे सरकवला. "ह्या आठांचं तुला म्हाईत हाय. आठ तू ने."

तिने मासा कापसाशिवाय, तसाच गळासकट ओढणीच्या टोकात बांधला. "नवरदेव चालला सांगलीला," म्हणाली. लाल डोक्याची बाई माझ्या डब्यात राहिली.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "आठ मिळाले की तुला! तिला एकच." मी हो म्हणाले. डबा मांडीवर होता. साताऱ्याची वेस लागली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की अप्पा मला 'हाय' म्हणाले होते, दोनदा. ते मी मनात परत परत म्हणून बघितलं. पण त्याच्याही खाली एक रिकामी जागा जाणवत होती, डब्यातल्या कापसात, नवव्या माशाच्या आकाराची.

आठ दिवसांनी मी चर्चेच्या पानावर खरं काय ते लिहिलं. रंग कारखान्याचा नाही. ती हळद आहे, घरातली एक लहान मुलगी दर वर्षी पूजेला लावायची. जांभळ्या उजेडात पोट चमकलं होतं आणि स्क्रू निघत होता, हेही लिहिलं. मला वाटलं होतं की मला तिथून हाकलतील. म्हाताऱ्या संग्राहकाने लिहिलं की दुर्मीळ रंग मी पुष्कळ पाहिले, पण रंगामागे असा माणूस उभा असलेला मासा पाहिला नव्हता. त्या मुलीला माझा नमस्कार सांग. त्याच्याखाली कितीतरी जणांनी तेच लिहिलं. माझ्या आठ माशांवर, त्यांच्या आठ पानांवर, इतक्या महिन्यांत कुणी एवढं बोललं नव्हतं.

तो नमस्कार मी तिला अजून सांगितलेला नाही.

या वर्षी अप्पांचे दोन्ही डोळे नवे आहेत आणि खंडेनवमीला मी साताऱ्यालाच होते. कामाची एक मुदत होती, निदान मी तसं सांगितलं. सकाळी मी स्वयंपाकघरातून हळदीची वाटी आणली, हळद पाण्यात कालवली आणि निळ्या माशाच्या पोटाला बोटाने लावली. एक बोट नाही, सगळ्या पोटाला. दार आतून लावलं होतं. मग तो डब्यात ठेवून झाकण लावलं, जसं ती करायची.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला झाकण उघडलं. हळद वाळली होती, कडेने पोपडे धरले होते. मी ओलं फडकं फिरवलं आणि ती सगळी फडक्यावर आली. पोट पांढरं, तकतकीत. तेव्हा मला ते कळलं. पिवळा मासा अप्पांनी सगळ्यात जास्त वापरला होता. नदीतल्या दगडांवर घासून त्याच्या पोटाचं वार्निश कधीच गेलं होतं, लाकूड उघडं पडलं होतं, म्हणून त्याने हळद पिऊन घेतली. माझे आठ चांगल्या स्थितीतले आहेत. संग्राहकांच्या भाषेत फारच चांगल्या.

मी फडकं धुवत होते तेवढ्यात तिचा फोन आला, दसऱ्याचा. मागे दुकानाचा गलका होता.

"ताई, सोनं घे गं! मासं पुजलंस का ह्या बारीला?"

"पुजले."

"हळद लावलीस?"

"लावली."

"धरली का?" तिने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मासा माझ्या ओल्या तळहातावर होता, स्वच्छ.

"धरली," मी म्हणाले.